पहिले स्तन्यपान आणि चिकाचा प्रश्न

बालक जन्मास आल्यावर त्याच्या मुखी पहिला पदार्थ कोणता जावा, आणि मातेच्या स्तनाशी ते प्रथम केव्हा लावावे, या प्रश्नाचा निर्णय आपल्याकडे शतकानुशतके सुईण आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया यांनी केला. राजेरजवाड्यांच्या वंशावळींत पुत्रजन्माची तिथी, नक्षत्र, साखरवाटप आणि दानधर्म यांची नोंद सापडते. त्या पुत्राने पहिले दूध केव्हा प्याले याची नोंद सहसा सापडत नाही. त्यामुळे या विषयाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास तीन ठिकाणी शोध घ्यावा लागतो : गृह्यकर्मांचे ग्रंथ, वैद्यकसंहिता, आणि भाषेत व व्यवहारात टिकून राहिलेले अवशेष. ही तिन्ही साधने एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्यांच्यातील विसंगतीतच प्रस्तुत निबंधाचा विषय सामावलेला आहे.

प्रथम व्यवहाराकडे पाहू. महाराष्ट्रातील अनेक घरांत एक-दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत परिपाठ असा होता की, नाळ कापून मूल न्हाऊ घातल्यावर त्यास मधाचे बोट चाटवावयाचे किंवा गुळाच्या पाण्यात कापसाची वात भिजवून ती त्याच्या ओठांशी धरावयाची. दोन-तीन दिवस असे गेल्यावर बाळंतिणीस पान्हा फुटला म्हणजे मूल अंगावर पाजावयास घ्यावयाचे. तत्पूर्वी स्तनांतून जो पिवळसर, दाट द्रव येतो तो ‘चीक’ म्हणून पिळून टाकावयाचा. सर्वच जातींत आणि सर्वच प्रदेशांत हा क्रम अगदी असाच होता असे नव्हे. श्रम करून पोट भरणाऱ्या कुटुंबांत असा नियम पाळण्याइतकी सवड कोठून असणार, ही शंकाही रास्त आहे. तथापि जेथे हा परिपाठ होता तेथे त्याचे समर्थन विचारता ‘शास्त्रात तसे सांगितले आहे’ एवढेच उत्तर मिळे. ते शास्त्र कोणते, हे पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

जातकर्माचे सर्वांत जुने तपशीलवार वर्णन बृहदारण्यकोपनिषदाच्या सहाव्या अध्यायाच्या चौथ्या ब्राह्मणात आहे. तेथे पिता नवजात बालकास मांडीवर घेऊन होम करतो, त्याच्या कानाशी मंत्र म्हणतो आणि दही, मध व तूप एकत्र करून ते शुद्ध सोन्याने त्यास भरवितो. यानंतर तो बालकास मातेच्या स्वाधीन करून स्तन देववितो, आणि त्या वेळी सरस्वतीला उद्देशून असलेली ऋग्वेदातील ऋचा म्हणतो. सोने, मध आणि स्तन हे तिन्ही एकाच कर्माचे घटक आहेत. मध्ये तीन रात्रींचे अंतर असल्याचा कोणताही संकेत नाही. पारस्कर गृह्यसूत्रातील जातकर्माचा क्रमही याहून भिन्न नाही. मेधाजननासाठी मध-तूप चाटविल्यावर, त्याच कर्माच्या अखेरीस, मातेचा उजवा स्तन धुऊन बालकास द्यावा आणि मागाहून डावा द्यावा असे तेथे सांगितले आहे. उत्तर हिंदुस्थानातील अनेक समाजांत नणंदेने बाळंतिणीचे स्तन धुवावेत आणि मगच मूल पाजावयास घ्यावे असा विधी चालत आला आहे. सूत्रातील धुण्याची कृती लोकाचारात टिकली. ती करण्याचा अधिकार मात्र पुरोहित-पित्याकडून नणंदेकडे आला. अशा स्थलांतराचा अभ्यास आपल्याकडे फारच थोडा झाला आहे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात हाच क्रम कायम आहे. प्रसूतीच्या तयारीचे तेथील वर्णन अत्यंत दक्ष आहे. नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागार बांधून ठेवावे, त्यात तूप, तेल, मध, सैंधव इत्यादी संभार जमवून ठेवावा, आणि ज्यांना अनेक वेळा अपत्ये झाली आहेत अशा प्रेमळ व कामात निष्णात स्त्रिया जवळ असाव्यात असे आचार्य सांगतात. बालक जन्मल्यावर जातकर्म करावे, मंत्रित मध-तूप आपापल्या परंपरेप्रमाणे प्रथम चाटवावे, आणि नंतर त्याच विधीने उजवा स्तन आधी पाजावा; उशाशी मंत्रित पाण्याचा कुंभ ठेवावा. चरकाने दिवसांची गणना केलेली नाही. मध-तुपानंतर स्तन येतो, एवढेच त्याचे म्हणणे. आणि ते गृह्यसूत्रांच्या मताशी पूर्णपणे जुळते.

मतभेद दिसू लागतो तो सुश्रुतात. शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात त्याने स्पष्ट म्हटले आहे की, हृदयस्थ धमन्यांची मुखे प्रसूतीनंतर उघडतात आणि तीन किंवा चार रात्रींनी स्त्रियांचे स्तन्य प्रवर्तते. म्हणून पहिल्या दिवशी मध, तूप आणि अनंता यांचे मिश्रण तीन वेळा द्यावे. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी लक्ष्मणा नामक वनस्पतीने सिद्ध केलेले तूप द्यावे. आणि त्यानंतर बालकाच्या तळहातात मावेल एवढे मध-तूप दोन वेळा देऊन स्तन्यास आरंभ करावा. जातकर्माच्या प्रसंगी हे चाटण अनामिकेने चाटवावे असेही तेथे सांगितले आहे; आपल्या घरांतील मधाच्या बोटाचे मूळ येथे दिसते. ‘अनंता’ म्हणजे सोने, दूर्वा की अनंतमूळ, याविषयी टीकाकारांत एकमत नाही. तो वाद येथे बाजूस ठेवतो. साधारणतः सातव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात हाच क्रम थोड्या फरकाने स्वीकारला, आणि पुढे अष्टांगहृदय हाच महाराष्ट्रातील वैद्यांचा नित्य पाठाचा ग्रंथ झाल्याने चार दिवसांचे मत सर्वत्र रुळले.

सुश्रुताचे निरीक्षण चुकीचे नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. वार बाहेर पडल्यानंतर मातेच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते आणि त्यानंतर साधारण ३० ते ७२ तासांच्या सुमारास दूध भरून येते, असे आजचे शरीरक्रियाविज्ञान सांगते. सूक्ष्मदर्शक नाही, रासायनिक पृथक्करण नाही, अशा काळी तिसऱ्या-चौथ्या रात्रीचा हा मुहूर्त इतका अचूक सांगणे म्हणजे अनेक बाळंतिणींची शुश्रूषा डोळ्यांनी पाहिल्याचा पुरावा होय. निदानस्थानाच्या दहाव्या अध्यायातील त्याचे दुसरे निरीक्षण तर याहूनही सूक्ष्म आहे. अपत्याच्या दर्शनाने, स्पर्शाने, नुसत्या आठवणीनेही स्तन्य स्रवू लागते आणि त्या प्रवाहाचे कारण अखंड स्नेह हे आहे, असे तो म्हणतो. क्रोध, शोक आणि अवात्सल्य यांनी स्तन्य नष्ट होते, हे त्याचेच विधान. ऑक्सिटोसिन या अंतःस्रावाचे कार्य विसाव्या शतकात कळल्यावर ज्याला दूध उतरण्याची प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात, तीच ही. मराठीत यास ‘पान्हावणे’ असा एकच शब्द आहे. संस्कृत ‘प्रस्नव’, प्राकृत ‘पण्हव’ आणि मराठी ‘पान्हा’ अशी त्याची परंपरा असून गाईला वासरू दाखवून पान्हा फोडणाऱ्या गवळ्यास आणि बाळंतिणीच्या मांडीवर मूल देणाऱ्या सुईणीस तो सारखाच ठाऊक होता.

मग दोष कोठे आला? माझ्या मते दोष निरीक्षणात नसून त्यावरून काढलेल्या निष्कर्षात आहे. चौथ्या रात्री दूध येते हे खरे, म्हणून त्यापूर्वी स्तनांत काहीच नसते, असे सुश्रुताने गृहीत धरलेले दिसते. परंतु येथे मूळ संहितेतील एका शब्दाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणे अवश्य आहे. चौथ्या दिवशी ज्या बालकास स्तन्य द्यावयाचे त्याच्याविषयी सुश्रुताने ‘प्राङ्निवारितस्तन्य’ आणि वाग्भटाने ‘प्राङ्निषिद्धस्तन’ असे विशेषण योजले आहे. पूर्वी ज्याला स्तनापासून दूर ठेवले होते, ज्याला स्तन वर्ज्य केला होता, असा त्याचा अर्थ. जे नाही त्याचा निषेध कोणी करीत नाही. मीमांसकांच्या भाषेत सांगावयाचे तर प्राप्तीवाचून निषेध व्यर्थ होतो. मूल स्तनाकडे झेपावत असले पाहिजे, आई ते घेऊ पाहत असली पाहिजे, आणि स्तनांतून काहीतरी येत असले पाहिजे. तेव्हाच निवारणाचा प्रश्न उद्भवतो. म्हणजे संहितेने दिलेले कारण एक आणि संहितेच्या शब्दांतून डोकावणारा आचार दुसरा, अशी ही स्थिती आहे. चीक टाकून देण्याचा लोकाचार सुश्रुतापूर्वीच रूढ असावा आणि वैद्यकाने त्यास धमन्यांचे शास्त्रीय कारण पुरविले असावे, असा तर्क यावरून करण्यास जागा आहे. यास मी सिद्धांत म्हणत नाही. परंतु ‘शास्त्राने सांगितले म्हणून लोक करू लागले’ हा जो सरळ क्रम आपण नेहमी मानतो, तो येथे उलटा असण्याचा संभव अधिक दिसतो.

दुसराही एक घोटाळा दूर केला पाहिजे. पहिले थोडे दूध काढून टाकावे आणि मग पाजावे, या सुश्रुताच्या वचनाचा आधार चीक टाकण्यासाठी घेतला जातो. ते वचन आहे खरे. पण कोणत्या संदर्भात? दहाव्या दिवशीच्या नामकरणानंतर धात्रीची निवड सांगितली आहे, आणि तिच्याकडून बालकास प्रथम पाजविण्याचा विधी तेथे वर्णिला आहे. शुभ तिथीस धात्रीस पूर्वाभिमुख बसवावे, बालकास शिरःस्नान घालून नवे वस्त्र नेसवावे, आणि उजवा स्तन धुऊन, किंचित दूध काढून, अभिमंत्रित करून पाजावा. त्यातील मंत्रात चारही सागरांनी तिच्या स्तनांत दूध वाहून आणावे अशी प्रार्थना आहे. लगेच पुढे कारण दिले आहे : दूध न काढता ताठ व भरलेल्या स्तनातून पाजल्यास बालकाचे स्रोत एकदम भरून त्यास खोकला, श्वास आणि वांती होते. धात्री ही पूर्वीपासून दूध येत असलेली स्त्री. तिच्या तुडुंब स्तनाविषयीची ही सूचना आहे. आजची परिचारिकाही दाटलेल्या स्तनातून पाजण्यापूर्वी थोडे दूध हाताने काढावयास सांगते, ते याच कारणाने. हे वचन प्रसूतीच्या पहिल्या तासातील मातेला लावणे म्हणजे प्रकरण न पाहता वाक्य उचलणे होय. दुर्दैवाने आपल्याकडे संहितांचा आधार देताना हा प्रकार वारंवार घडतो, आणि तो भक्त व टीकाकार दोघेही सारखाच करतात.

धात्रीविषयीही एक खुलासा हवा. संहितांत धात्रीची लक्षणे आणि तिच्या दुधाची परीक्षा विस्ताराने सांगितल्यामुळे सर्वत्र दाईचेच दूध पाजत असावेत असा समज होतो. परंतु बालकाने मातेचेच दूध प्यावे, त्याच्या वाढीस ते पुरेसे आहे, आणि ते नसेल तरच धात्री पाहावी, असे वाग्भट निःसंदिग्धपणे म्हणतो. दूध पाण्यात टाकून ते पांढरे, पातळ, शीत असून एकजीव होते की तंतू, फेस धरते, तरंगते की बुडते, ही सुश्रुताची परीक्षा आपल्याकडील सुइणींना अलीकडेपर्यंत ठाऊक होती. या परीक्षेत चीक नापास होणार हे उघडच आहे : तो पिवळा, दाट आणि चिकट. आदर्श दुधाची व्याख्या एकदा शंखासारख्या शुभ्र द्रवावरून ठरल्यावर त्याहून निराळे जे काही स्तनांतून येईल ते दूषित स्तन्याच्या वर्गात जाणे क्रमप्राप्त होते. ज्या मातांना दूध नाही किंवा अल्प आहे त्यांच्या बालकांसाठी काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात चाटणे सांगितली आहेत. नेपाळातील खंडित ताडपत्रावरून ही संहिता १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून प्राचीन बालवैद्यकाविषयीची आपली कल्पना पुष्कळच बदलली. कौमारभृत्याचा एवढा मोठा ग्रंथ शतकानुशतके अदृश्य होता, याचाही विचार करावा.

आता चिकाकडे वळतो. मराठीत गाईम्हशीच्या आणि मानवी मातेच्या पहिल्या दुधास एकच शब्द आहे. व्यवहार मात्र अगदी विरुद्ध. गाय व्याली की चिकाचा खरवस करून शेजारीपाजारी वाटण्याची रीत आहे. माझ्या आजोळी, कोकणात, गाय व्याल्यावर पहिली धार वासराची असा कडक दंडक होता. वासराने पोटभर प्याल्यावरच आजी भांडे लावी. चीक न मिळालेले वासरू खंगते, हे ती शाळेत न जाता जाणत होती. त्याच आजीने आपल्या सुनेचा चीक मात्र कपड्यावर पिळून टाकविला, आणि नातवास गुळाचे पाणी दिले. गोठ्यातील ज्ञान माजघरात का आले नाही, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नव्हता, आज पडतो. अमरकोशात नव्या दुधास ‘पीयूष’ हे नाव आहे, आणि पीयूष म्हणजे अमृतही. भाषेने ज्यास अमृताच्या पंक्तीस बसविले त्यास बाळंतिणीच्या बाबतीत त्याज्य कोणी ठरविले?

एक दुवा धर्मशास्त्रात सापडतो. व्याल्यापासून दहा दिवस पुरे न झालेल्या गाईचे दूध वर्ज्य करावे असे मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आहे, आणि याज्ञवल्क्यानेही तोच निषेध केला आहे. हे दहा दिवस म्हणजेच सोयराचे दहा दिवस. गाय आणि स्त्री दोघींनाही एकाच अशौचाच्या मापाने मोजलेले आहे. खरवस आवडीने खाणाऱ्या महाराष्ट्राने गाईच्या बाबतीत हा निषेध सरळ झुगारून दिला, हे विशेष. स्त्रीच्या बाबतीत मात्र अशौचाची भावना टिकली, आणि स्तनांतून येणारा पहिला द्रव प्रसूतीच्या रक्तस्रावाच्या मालिकेत गणला गेला असावा. येथेही सावध राहिले पाहिजे. कारण गृह्यसूत्रे अशौच मानणारीच होती आणि त्यांनी त्याच दिवशी स्तन देवविला आहे. अशौच हे एकमेव कारण म्हणता येणार नाही. अशौच, दुधाच्या शुभ्रतेची कल्पना आणि चौथ्या रात्रीचे निरीक्षण, असे तीन धागे येथे एकत्र विणले गेले.

ही चूक केवळ आपली आहे असे मानून लाजण्याचे किंवा कोणास दोष देण्याचे कारण नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी रोममध्ये वैद्यकी करणारा एफिससचा सोरेनस आपल्या स्त्रीरोगग्रंथात जवळजवळ हेच सांगतो : नवजात बालकास प्रथम उकळलेला मध द्यावा, मातेचे दूध सुमारे वीस दिवसांपर्यंत बहुधा जड आणि अपक्व असते, म्हणून तोवर दुसरी दाई पाहावी. त्याच ठिकाणी त्याने डामास्टिस नावाच्या वैद्याचा निषेध केला आहे, आणि तो निषेधच आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मूल जन्मण्यापूर्वीच निसर्ग दूध सिद्ध करून ठेवतो, अर्थात ते त्यास ताबडतोब मिळावे म्हणूनच, असे या डामास्टिसचे म्हणणे होते. त्याचा ग्रंथ नष्ट झाला. त्याचे मत टिकले ते त्याला खोडून काढणाऱ्याच्या लेखणीमुळे. पुढे सोरेनसचे मत युरोपात दीर्घकाळ चालले. १७४८ साली लंडनच्या अनाथबालकाश्रमाच्या व्यवस्थापकांस उद्देशून लिहिलेल्या निबंधात विल्यम कॅडोगन याने लोणी, साखर, रेचके इत्यादी भरविण्याच्या चालीवर कठोर टीका केली आणि मुलास लवकर मातेच्या स्तनाशी लावण्याचा पुरस्कार केला. त्यानंतरही युरोपातील प्रसूतिगृहांत मत बदलावयास काही दशके लागली. पहिले दूध टाकून देण्याची चाल परस्परांपासून दूर असलेल्या अनेक समाजांत आढळते. तेव्हा तिचे मूळ एखाद्या ग्रंथात शोधण्यापेक्षा त्या द्रवाच्या रूपात शोधणेच युक्त.

मातेची पूर्वतयारी हा या विषयाचा दुसरा भाग. त्याबाबत आपल्या परंपरेचा हिशेब बराच निराळा आहे. बाळंतिणीसाठी अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरे, शतावरी, बाळंतशेपा, लसूण घातलेली बाजरीची किंवा तांदळाची पेज यांची सिद्धता आठव्या-नवव्या महिन्यापासूनच चाले. सुश्रुताने स्तन्यवर्धक म्हणून जव, गहू, साळी व साठीचे तांदूळ, मांसरस, लसूण, मासे, शिंगाडा, कमळकंद, विदारीकंद, ज्येष्ठमध, शतावरी अशी यादी दिली आहे. तीतील निम्मी द्रव्ये मराठी स्वयंपाकघरात आजही सापडतात. यांपैकी कोणत्या द्रव्याने दूध खरोखर वाढते हे निराळे. परंतु बाळंतिणीस पोटभर, सकस आणि वेळेवर अन्न मिळाले पाहिजे आणि तिला कामातून मोकळीक मिळाली पाहिजे, ही गोष्ट या यादीच्या आधारानेच घरात मान्य होई. सव्वा महिन्याची विश्रांती हीच कदाचित त्यातील सर्वांत गुणकारी मात्रा होती. सर्व सुनांना ती मिळे असे मात्र समजू नये.

स्तनाग्रे बसकी असल्यास तेल लावून ओढून काढण्याची शिकवणही वडीलधाऱ्या स्त्रिया देत. पाश्चात्त्य प्रसूतितज्ज्ञही यात मागे नव्हते. १९५३ साली हॉफमन याने त्यासाठी बोटांचे व्यायाम सुचविले आणि ते अनेक देशांतील पाठ्यपुस्तकांत शिरले. १९९२ साली ब्रिटनमध्ये गरोदर स्त्रियांवर केलेल्या यादृच्छिक चाचणीत या व्यायामांचा किंवा स्तनाग्रावर बसविण्याच्या टोप्यांचा काही उपयोग आढळला नाही. टोप्यांचा सल्ला मिळालेल्या स्त्रियांत तर स्तनपान टिकण्याचे प्रमाण कमीच दिसले. मूल स्तनाग्र ओढीत नाही, ते स्तनमंडळाचा मोठा भाग तोंडात घेते. म्हणून मूल कसे धरावे हे शिकणे हीच खरी पूर्वतयारी, असे आज मानतात. तयारीचा अतिरेक केल्याने स्त्रीच्या मनात आपल्या शरीराविषयी अविश्वास उत्पन्न होतो, ही बाब पूर्व आणि पश्चिम दोहोंकडे सारखीच खरी.

या इतिहासात एका मराठी स्त्रीचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. आनंदीबाई जोशी यांस चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत वारला. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदू आर्यांच्या प्रसूतिशास्त्राचा. ज्या संहितांत सूतिकागाराची एवढी सिद्धता वर्णिली आहे त्यांच्याच देशात आपले मूल दहा दिवस जगू शकले नाही, या दोन गोष्टी त्यांनी एकत्र कशा ठेवल्या असतील याची कल्पनाच करावी लागते. त्या स्वदेशी परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत निवर्तल्या. आपल्या विद्येचा उपयोग करण्यास त्यांना अवधीच मिळाला नाही.

नव्या वैद्यकाने चार दिवसांचा नियम मोडला खरा, पण त्या जागी दुसरे नियम आणले. न्यूझीलंडच्या ट्रुबी किंग याच्या प्रभावामुळे घड्याळ पाहून चार-चार तासांनी पाजण्याची शिस्त विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजी साम्राज्यभर पसरली. रुग्णालयांत मूल एका दालनात आणि माता दुसऱ्या दालनात, ही व्यवस्था आरोग्याच्या नावाखाली आली. मध आणि गूळ यांची जागा ग्लुकोजच्या पाण्याने घेतली. बोट गेले आणि बाटली आली. पाठोपाठ डब्यातील दूध आले. सिसिली विल्यम्स या स्त्री-डॉक्टरने १९३९ साली सिंगापूर येथे दिलेल्या व्याख्यानात अशा दुधाच्या प्रचारामुळे होणाऱ्या बालमृत्यूंची संभावना हत्या या शब्दाने केली. तरीही जागतिक आरोग्य परिषदेने या व्यापारास आळा घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता संमत करावयास १९८१ साल उजाडले; ठरावाच्या बाजूने ११८ मते पडली आणि विरुद्ध एकच, अमेरिकेचे. भारताने १९९२ साली यासंबंधी स्वतंत्र कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. शिशूंसाठीच्या डब्यांच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींस त्याने बंदी घातली.

दरम्यान चिकाविषयीचे ज्ञान हळूहळू वाढत होते. पॉल एर्लिक याने १८९० नंतरच्या वर्षांत उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून मातेची प्रतिकारशक्ती दुधाच्या द्वारे पिलांत जाते हे दाखविले. १९६० नंतरच्या दशकात स्रावी प्रकारच्या ‘इम्युनोग्लोब्युलिन ए’चा शोध लागल्यावर चीक इतका दाट व चिकट का असतो याचा उलगडा झाला. पहिल्या दिवसात तो काही चमचेच येतो, आणि नवजात बालकाच्या पोटाची गरजही तेवढीच असते. कमी येतो म्हणून ते दूध नव्हे, हा जुना तर्क येथे संपतो. घाना देशातील सुमारे ११ हजार बालकांच्या पाहणीवरून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असा हिशेब मांडला होता की, सर्वांना पहिल्या तासाच्या आत स्तनपान सुरू केले तर तेथील नवजात बालकांचे २२ टक्के मृत्यू टळू शकतील. मधाच्या बोटाविषयीही मत पालटले. बालकांतील बॉट्युलिझम हा रोग १९७६ साली ओळखला गेला आणि मधातील बीजाणूंशी त्याचा संबंध उघड झाला. तेव्हापासून वर्ष पुरे होईपर्यंत मध देऊ नये असा वैद्यकाचा सल्ला आहे. सुश्रुताचे पहिल्या दिवसाचे चाटण आज देऊ नये, हे त्याच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही सांगावे लागते.

मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली मानवी दुधाची पेढी उघडली गेली. आशिया खंडातील ती पहिली मानली जाते. अपुऱ्या दिवसांच्या आणि मातेपासून दूर ठेवाव्या लागलेल्या बालकांस इतर मातांचे दूध निर्जंतुक करून देण्याची ही योजना. मातेचे दूध नसेल तर दुसऱ्या स्त्रीचे पाहावे, हे वाग्भटाचे वचन धात्रीला घरी न आणता येथे पाळले गेले आहे.

अखेरीस एका आकड्याकडे लक्ष वेधतो. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या. परंतु जन्मापासून तासाभरात स्तनपान सुरू झालेल्या बालकांचे प्रमाण ४१.८ टक्केच होते, आणि २०१५-१६ च्या पाहणीहून ते जवळजवळ वाढलेलेच नाही. म्हणजे ज्या बालकांना पहिल्या तासात स्तन मिळाला नाही त्यांतील बहुसंख्य डॉक्टर आणि परिचारिका यांच्या देखत जन्मली. या विलंबास आता केवळ सुईण आणि आजी यांना जबाबदार धरता येणार नाही. त्यातील किती विलंब शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतीमुळे, किती मूल वेगळे ठेवल्यामुळे, किती गर्दीमुळे, आणि किती अद्याप चिकाविषयीच्या जुन्या समजुतीमुळे, याची जिल्हावार छाननी झाली पाहिजे. विभागातील विद्यार्थ्यांनी या कामी घरोघरच्या वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती आताच घेऊन ठेवाव्यात. पहिल्या तीन दिवसांत मुलास काय दिले, कोणी दिले, चीक काय केला, आणि गाईच्या चिकाचे घरात काय होई, हे चार प्रश्न एकत्र विचारावेत. चौथा प्रश्न गमतीचा वाटला तरी गाळू नये. पहिल्या तिन्हींची उत्तरे पुष्कळदा त्यानंतरच मोकळेपणाने मिळतात.